सोंग, मालिका आणि इतिहास

'छावा' हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच त्यातील एका दृश्यावरून वादळ उठले होते. छत्रपती संभाजीराजे आणि महाराणी येसूबाई लेझीम खेळताना दाखविल्याने शिवप्रेमी संघटनांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी व कान्होजी यांच्या चित्रणाला हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढच्याच महिन्यात, १७ मार्च रोजी, औरंगजेबाच्या कबरीच्या प्रश्नावरून नागपुरात दंगल उसळली आणि या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना प्रज्वलित झाल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. करमणुकीसाठी केलेली एक कलाकृती महिनाभरात विधिमंडळाच्या चर्चेचा विषय झाली. ऐतिहासिक प्रणय आणि पराक्रम यांची सांगड घालणाऱ्या करमणुकीचे महाराष्ट्रात नेमके काय होते, याचा विचार करण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

या विचारासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. एकीकडे शिवनेरी, जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. दुसरीकडे नारायणगाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावाच्या नावाने ओळखल्या गेल्या. छोट्या पडद्यावर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोन्ही भूमिका गाजविणारे डॉ. अमोल कोल्हे हेही नारायणगावचेच. इतिहास घडला ती भूमी, त्याचे लोकनाट्य उभे करणारे फड आणि त्याची मालिका करणारा नट, हे सर्व एका टापूत एकवटलेले आहे.

ऐतिहासिक मालिकांचे आकर्षण ही काही केवळ मराठी गोष्ट नव्हे. गेल्या काही वर्षांत शहरी मराठी घरांतील तरुण पिढी, विशेषतः मुली, चिनी ऐतिहासिक प्रेमकथांच्या मालिका उपशीर्षकांच्या आधाराने पाहू लागली आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत अशा मालिका दाखविणारी ॲपही होती. तरी गोडी ओसरली नाही. या मालिकांची मोहिनी समजण्यासारखी आहे. त्यांतील प्रेम संथ गतीने उमलते. राजदरबाराचे शिष्टाचार, घराण्याची प्रतिष्ठा आणि वडीलधाऱ्यांची आज्ञा यांच्या कुंपणात अडकलेले दोन जीव एकमेकांकडे नुसते पाहतात, तेवढ्यावर भाग संपतो. एकत्र कुटुंब, सासू, जावा आणि मानपान यांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे जग परके वाटत नाही. शिवाय निर्मितीवर केलेली मेहनत दिसते. २०१८ मध्ये आलेल्या 'यान्शी राजवाड्याची कथा' या सत्तर भागांच्या मालिकेत भरतकाम, विणकाम, रेशमी मखमलीची फुले अशा पारंपरिक हस्तकलांचा कसून वापर करण्यात आला होता. ही मालिका दीड हजार कोटींहून अधिक वेळा पाहिली गेल्याचे वृत्त तेव्हा जगभर प्रसिद्ध झाले होते.

उणिवाही तेवढ्याच ठळक आहेत. जनानखान्यातील कारस्थाने, विषप्रयोग, गर्भपात घडवून आणणाऱ्या सवती आणि शेवटी सर्वांना पुरून उरणारी धूर्त नायिका, हा साचा इतका घासला गेला आहे की एक मालिका संपवून दुसरी सुरू केली तरी फरक कळू नये. सम्राटाच्या सत्तेला कोणी प्रश्न विचारीत नाही. प्रश्न एवढाच, की त्याची मर्जी कोणावर. वाङ्मयचौर्याचा रोगही जुना आहे. 'यान्शी'चे निर्माते यू झेंग यांना एका आधीच्या मालिकेप्रकरणी तैवानच्या लोकप्रिय लेखिका च्युंग याओ यांनी न्यायालयात खेचले होते. २०१४ मध्ये निकाल यू झेंग यांच्या विरोधात गेला; जाहीर माफी मात्र त्यांनी २०२० च्या अखेरीस मागितली. त्यात सरकारी अंकुश. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या एका सरकारी वृत्तपत्राशी संलग्न नियतकालिकाने राजवाड्याच्या मालिका चैन आणि कटकारस्थाने यांचे उदात्तीकरण करतात, अशी टीका केली आणि पाठोपाठ काही वाहिन्यांवरील पुनःप्रसारण बंद झाले.

तरीही एका बाबतीत चिनी मालिकांकडून मराठी निर्मात्यांनी आणि प्रेक्षकांनी शिकण्यासारखे आहे. २०१८ मध्येच, 'यान्शी' संपते न संपते तोच 'रुयी' ही दुसरी भव्य मालिका आली. काळ तोच, अठराव्या शतकातील सम्राट छिएनलोंगचा. पात्रेही तीच. पण 'यान्शी'ची नायिका असलेली वेई घराण्यातील राणी 'रुयी'मध्ये खलनायिका झाली आणि 'यान्शी'त पुढे दुष्ट होत जाणारी नारा घराण्यातील सम्राज्ञी 'रुयी'त नायिका झाली. काही आठवड्यांच्या अंतराने प्रेक्षकांनी एकाच राजवाड्याच्या दोन परस्परविरोधी गोष्टी पाहिल्या आणि दोन्हींवर प्रेम केले. यातून प्रेक्षकाला न शिकविताच एक धडा मिळतो. पडद्यावर दिसते ती कोणा लेखकाने केलेली मांडणी आहे, ती दुसऱ्या लेखकाने वेगळी केली असती, हे त्याच्या मनावर ठसते. 'निर्वाणा इन फायर' या २०१५ च्या गाजलेल्या मालिकेने तर लियांग नावाचे काल्पनिक राज्यच उभे केले. वेशभूषा व राजनीती जुन्या चीनची, राजे मात्र लेखकाचे. इतिहासाचा स्वाद आणि कल्पनेचे स्वातंत्र्य या दोहोंचा मेळ घालण्याची ही सरळ वाट आहे.

मराठीत ही वाट जवळजवळ बंद आहे. येथे ऐतिहासिक मालिका म्हणजे शिवकाल किंवा पेशवाई आणि पात्रे म्हणजे खरीखुरी पूज्य माणसे. २००८ मध्ये 'स्टार प्रवाह' वाहिनी सुरू झाली ती नितीन देसाई यांची निर्मिती असलेल्या 'राजा शिवछत्रपती'सह. २०१७ ते २०२० या काळात 'झी मराठी'वर 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालली. २०१९ मध्ये 'सोनी मराठी'वर 'स्वराज्यजननी जिजामाता' आली, तर 'कलर्स मराठी'वर 'स्वामिनी'ने रमाबाई पेशव्यांचे बालपण मांडले. २०२१ मध्ये ताराराणींची मालिका आली. या साऱ्यांनी केलेले काम लहान नाही. संभाजी महाराज म्हणजे व्यसनी आणि उतावळा राजपुत्र, ही जुन्या नाटकांनी रुजविलेली प्रतिमा पुसून अभ्यासू, संस्कृत जाणणारा, नऊ वर्षे मोगलांशी झुंजणारा छत्रपती घराघरांत पोहोचविण्यात मालिकेचा वाटा मोठा आहे. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी कागदपत्रांच्या आधारे जे दशकांपूर्वी मांडले, ते सामान्य वाचकापर्यंत पोहोचले नव्हते. मालिकेने ते पोहोचविले. येसूबाईंना राज्यकारभार समजणारी सहचारिणी म्हणून दाखविले गेले. मराठी मालिकेतील पती-पत्नीचे नाते एवढ्या बरोबरीच्या पातळीवर क्वचितच आले असेल. प्रेक्षक गुंतला तो लढायांत जेवढा, तेवढाच या संसारात.

मग बिघडते कोठे? पहिले कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. चिनी मालिका बहुधा पूर्ण लिहून, पूर्ण चित्रित करून मग प्रसारित होते. तिची लांबीही ठरलेली असते आणि २०२० मध्ये तेथील नियामकांनी ती चाळीस भागांच्या आत ठेवण्याची सूचना केली. मराठी मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालते, तिचे लेखन आणि चित्रीकरण प्रसारणाच्या थोडेसेच पुढे धावत असते आणि दर आठवड्याच्या टीआरपीवर तिचे भवितव्य ठरते. इतिहासाकडे एवढे भाग पुरतील इतकी घरगुती माहिती नसते. वाघनखांची, सनदांची, पत्रांची नोंद मिळते. माजघरात कोण कोणाला काय बोलले, याची मिळत नाही. ही रिकामी जागा भरण्यासाठी लेखक हाताशी असलेल्या साच्याकडे वळतो आणि तो साचा कौटुंबिक मालिकेचा असतो. दारामागे उभे राहून ऐकणे, एका वाक्यावर तीन चेहरे तीनदा दाखविणे, कान भरणारी दासी, हे सारे रायगडावर जाऊन पोहोचते.

या साच्याचा सर्वांत मोठा बळी म्हणजे सोयराबाई. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर एप्रिल १६८० मध्ये काही प्रधानांनी राजारामांना गादीवर बसविले, संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि १६८१ मध्ये कटात सामील प्रधानांना देहान्त शासन झाले. सोयराबाईंचा अंतही त्याच वर्षी झाला. हा वारसाहक्काचा, प्रधानमंडळाच्या अधिकाराचा आणि नव्या राज्याच्या घडणीचा प्रश्न होता. पडद्यावर त्याची झाली सावत्र आईच्या मत्सराची कथा. मराठीत 'रुयी'सारखी दुसरी मालिका येत नाही, जी हाच प्रसंग सोयराबाईंच्या बाजूने सांगेल. येसूबाईंच्या बाबतीत उणीव वेगळी आहे. त्यांच्या आयुष्याचा सर्वांत कठीण भाग संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू होतो. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर त्या बाल शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटून साताऱ्यास आल्या. सुमारे तीस वर्षांची ही कैद म्हणजे एका अख्ख्या मालिकेचा विषय; परंतु नायकाचा शेवट हाच मालिकेचा शेवट, या नियमामुळे नायिकाही तेथेच थांबते.

दुसरे कारण निवडीत आहे. शिवनेरीच्या परिसरातच पाहावे. शिवजन्माचा पाळणा प्रत्येक मालिकेत हलतो. पण ज्या गडावर महाराज जन्मले, तो त्यांच्या हयातीत पुन्हा स्वराज्यात आला नाही, ही गोष्ट किती प्रेक्षकांना ठाऊक असते? १६५७ मध्ये रात्री शिड्या लावून त्यांनी मोगलांचे जुन्नर शहर लुटले. गड मात्र मोगलांकडेच राहिला. १६७५ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर जुन्नरला आला, तेव्हाही तेथे मोगल अधिकारी होते आणि फ्रायरने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. जन्मभूमी परकी राहिली, हे दुःख कोणत्याही कल्पित कटापेक्षा नाट्यमय आहे. परंतु मालिकेतील नायकाला अपयश परवडत नाही.

त्याच परिसरात नाणेघाट आहे. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख तेथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्यात यज्ञांची, दानांची नोंद आहे. स्वतःच्या नावाने कारभाराची खूण दगडात ठेवणारी राणी ही कोणत्याही देशातील मालिकाकारांना हेवा वाटावा अशी नायिका. जीवधन किल्ल्यावर कैदेत असलेल्या निजामशाही बालराजाला सोडवून शहाजीराजांनी त्याच्या नावाने राज्य चालविले, ही कथाही येथलीच. हबशी गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी काही काळ जुन्नरातून निजामशाहीचा कारभार हाकला. यातील कोणाचीही मालिका झाली नाही. ज्या कथांत आपला-परका ही विभागणी सोपी नाही, त्या वगळल्या जातात; आणि जुन्नरसारखे अनेक सत्ता, धर्म आणि भाषा पचविलेले शहर पडद्यावर एका पाळण्यापुरते उरते.

आंबेगावच्या सीमेला लागून शिरूर तालुक्यातील पाबळ आहे. तेथे मस्तानीची समाधी आहे. महाराष्ट्रात ऐतिहासिक प्रणयकथा म्हटली की पहिले नाव येते ते बाजीराव-मस्तानीचे. ना. सं. इनामदारांची 'राऊ' कादंबरी १९७२ ची. तिच्यावर आधारलेला संजय लीला भन्साळींचा चित्रपट डिसेंबर २०१५ चा. त्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात, यावरून वाद झाला. गंमत अशी, की वादात मर्यादेची चर्चा झाली, मुख्य प्रश्नाची झाली नाही. हा विवाह पुण्याने का नाकारला, मस्तानीच्या मुलाची मुंज का होऊ शकली नाही, तरीही तोच समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून का मेला, हे प्रश्न जात आणि धर्म यांच्याशी भिडणारे आहेत. झगमगत्या नृत्याने ते झाकले आणि नृत्यावरच्या आक्षेपानेही झाकले.

भाषेचे उदाहरणही बोलके आहे. मालिकांतील दरबारी मराठी संस्कृतप्रचुर, पल्लेदार आणि टाळ्यांना आवाहन करणारी असते. प्रत्यक्षात शिवकालीन पत्रव्यवहारावर फारसीचा इतका दाट प्रभाव होता, की पर्यायी शब्द देण्यासाठी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मिश्र भाषेत वाढलेल्या राजाने नवी राज्यभाषा घडविण्याचा केलेला तो प्रयत्न होता. मालिकेत ती भाषा आधीपासूनच शुद्ध असल्याने त्या प्रयत्नाचे मोलच कळत नाही. मावळातील बोली तर हुजऱ्यांच्या आणि विनोदाच्या वाट्याला येते. स्वराज्य उभे करणारे मावळे तीच बोली बोलत असताना.

येथे नारायणगावच्या राहुट्यांची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. तमाशातील वगनाट्यांनी इतिहासाशी कमी स्वैराचार केला नाही. पण त्या मंचाचा एक अलिखित करार होता. प्रेक्षकाला ठाऊक असे, की समोर आहे ते सोंग आहे. गण-गौळण आणि बतावणी होऊन मग वग सुरू होई. त्यातला राजा कितीही रुबाबदार असला तरी सोंगाड्या त्याच्या सिंहासनाशेजारी उभा राहून त्याची फिरकी घेई. राजाचे कपडे उतरवून तोच नट पहाटे सामानाच्या गाडीवर बसून पुढच्या गावी जाई. भक्ती आणि थट्टा एकाच मांडवात नांदत होत्या. मालिकेने सोंगाड्याला हद्दपार केले आणि त्याच्या जागी पार्श्वसंगीत आणले. सुरुवातीला क्षणभर झळकणारे 'ही मालिका पूर्णपणे ऐतिहासिक असल्याचा दावा नाही' अशा आशयाचे निवेदन त्या कराराची जागा घेऊ शकत नाही.

सोंग आणि माणूस यांतील अंतर पुसले गेले की त्याचे पडसाद राजकारणात उमटतात. 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू असतानाच, २०१९ मध्ये, डॉ. कोल्हे शिरूर लोकसभा मतदारसंघातून राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे निवडून आले. जुन्नर आणि आंबेगाव याच मतदारसंघात येतात. पराभूत झाले ते आंबेगावच्याच लांडेवाडीचे, तीन वेळा खासदार राहिलेले शिवाजीराव आढळराव पाटील. त्या विजयात भूमिकेच्या पुण्याईचा वाटा होता, असे तेव्हा सर्वच पक्षांतले लोक बोलत. 'रामायण' मालिकेतील सीता आणि रावण १९९१ मध्ये लोकसभेत पोहोचले होते, तेव्हा यात अपूर्व काही नाही. परंतु मतदार सर्वस्वी भाबडा असतो, असे मानणेही चूक ठरेल. २०२४ मध्ये मालिका संपून चार वर्षे झाली होती, पक्ष फुटला होता, कांद्याच्या निर्यातबंदीवर शेतकरी चिडले होते आणि कोल्हे पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध विजयी झाले. पहिल्या वेळी पडद्याने दार उघडले असेल. दुसऱ्या वेळी कांदा आणि पक्षनिष्ठा यांचे प्रश्न मतपेटीपर्यंत आले. पडद्याची जादू असते, पण ती कायमची नसते, एवढे या दोन तालुक्यांनी दाखविले.

खरा धोका मतांपेक्षा स्मृतीचा आहे. चीनमध्ये काय दाखवावे, हे सरकार ठरविते. महाराष्ट्रात ते काम जमाव, संघटना आणि वंशजांच्या नोटिसा करतात. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यानंतर हे भय अभ्यासकांच्याही अंगवळणी पडले. परिणाम दोन्हीकडे सारखाच. पात्रे देव्हाऱ्यात जातात, शंका बाहेर राहते. लेझीम खेळणारा राजा चालत नाही, कारण राजाला आनंद होतो हेच मान्य नाही. आणि ज्याला हसता येत नाही, त्याच्या दुःखाचे चित्र फक्त संतापाचे इंधन होते.

म्हणून उपाय मालिका कमी करण्यात नाही. अधिक आणि निरनिराळ्या करण्यात आहे. सोयराबाईंची बाजू सांगणारी एक, येसूबाईंच्या कैदेची एक, नागनिकेची एक, मलिक अंबरची एक. भागांची संख्या आधी ठरवावी, संहिता पूर्ण झाल्यावरच चित्रीकरण सुरू करावे, इतिहासाच्या जाणकाराचे नाव केवळ श्रेयनामावलीत न ठेवता लेखनाच्या टेबलाशी त्याला बसवावे. ज्यांना निखळ प्रेमकथा सांगायची आहे, त्यांनी खुशाल काल्पनिक संस्थान रचावे. सह्याद्रीत त्यासाठी घाट आणि गड भरपूर आहेत. वाहिन्यांना हे परवडेल का, असा प्रश्न येईल. ओटीटी मंचांवर आठ-दहा भागांच्या मराठी मालिका आता होऊ लागल्या आहेत. दैनंदिन मालिकेच्या चरकातून सुटण्याची ती वाट आहे.

प्रेक्षकाची जबाबदारी उरतेच. शिवनेरीवर येणारी शाळांची सहल शिवजन्मस्थान पाहून खाली उतरते. तिने गडाच्या पोटातील बौद्ध लेणी पाहिली, पाबळला थांबून समाधीसमोर दोन मिनिटे उभी राहिली, नाणेघाटातील अक्षरांवरून नजर फिरविली, तर त्या मुलांना पुढच्या वेळी पडद्यावरचा पाळणा पाहताना एक प्रश्न सुचेल. या पाळण्याच्या आजूबाजूला आणखी कोण होते? ज्या दिवशी हा प्रश्न घराघरांत विचारला जाईल, त्या दिवशी मालिकांच्या लेखकांना तो टाळता येणार नाही.